प्रतिसाद: सोलोला जागा असते की!

जॅझच्या बिग बँडमध्ये (वादकांचा मोठा ताफा) सगळं आधीच लिहिलेलं, मग सोलोवाल्याला, म्हणजे एकट्यानं पुढं येऊन वाजवणाऱ्याला, मोकळीक कुठली, असं एकानं विचारलंय. अमेरिकेतल्या न्यूपोर्ट जॅझ महोत्सवाचं १९५६ चं रेकॉर्डिंग ऐका. ड्यूक एलिंग्टनच्या बँडमधल्या पॉल गोन्साल्विसनं टेनर सॅक्सोफोनवर सलग २७ आवर्तनं वाजवली. रचना ब्लूज या प्रकारातली; ब्लूजचं एक आवर्तन १२ बारचं (बार म्हणजे इथं चार मात्रांचा खंड), म्हणजे ४८ मात्रा, करा हिशेब! तेवढा वेळ ट्रंपेट-ट्रॉम्बोन गप्प, मागं फक्त पियानो, बास, ड्रम. नंतर पियानोवर एलिंग्टन स्वतः सोलो घेतो आणि मग अख्खा बँड तुटून पडतो. लिहिलेलं असतं ते सोलोच्या अलीकडचं-पलीकडचं. आमच्या कोल्हापुरात वरातीतला सॅक्सवाला चौकात रंगला की बाकीचे ताशाकडं बघत थांबतात, तसंच. फक्त इथं मध्येच नवरदेवाचा मामा फर्माईश सोडतो.