आमदारांनी "आरोग्य, बजेट आणि रोजगाराची विधेयकं मंजूर करून घेतली" म्हणे, म्हणजे नक्की काय केलं?

माळावरचा:

नमस्कार मंडळी, परवा पेपरबरोबर आमच्या आमदारसाहेबांचा कार्यअहवाल घरात येऊन पडला, चकचकीत कागद, निम्म्या पानांवर फोटोच, वाढदिवस मग भूमिपूजन मग परत भूमिपूजन. पण मधे एक पान आहे 'विधिमंडळातील कामगिरी' म्हणून, त्यात लिहिलंय की साहेबांनी आरोग्याचं विधेयक, अर्थसंकल्प आणि रोजगाराचं विधेयक मंजूर करून घेतलं. पक्ष सांगत नाही, उगाच धागा भरकटेल, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या पक्षाच्या आधीच्या आमदारांच्या अहवालातही हेच असायचं.

माझा प्रश्न साधा आहे. २८८ आमदारांमधला एक माणूस, मंत्री नाही, काही नाही, तो विधेयक मंजूर 'करून घेतो' म्हणजे काय करतो? नुसता हात वर करतो का? आमच्या ग्रामीण रुग्णालयाचं उपजिल्हा रुग्णालय होणार असा फ्लेक्स दोन निवडणुकांपासून ऐकतोय, डॉक्टर मात्र एकच, भूलतज्ज्ञ नाही म्हणून सिझेरियनच्या बायका सरळ जिल्ह्याला पाठवतात. मग या आरोग्य विधेयकाचा आम्हाला उपयोग काय? आणि हे सगळं घरबसल्या तपासता येतं का? कुणाला आतलं माहीत असेल तर सांगा.

कट्टेकर:

तुमच्याकडे निदान निवडून आलेल्याने अहवाल काढलाय, आमच्याकडे 'भावी आमदारां'नी काढलाय. फोटोत अँब्युलन्सला हिरवा झेंडा दाखवतायत.

जुना_वार्ताहर:

बरीच वर्षं अधिवेशन कव्हर केलंय, मुंबईची दोन आणि नागपूरचं एक, त्यामुळे थोडं लांबेल, चालवून घ्या.

आधी बजेट. बजेट 'मंजूर करून घेतलं' असं साध्या आमदाराने लिहिलं असेल तर तिथे हसून पुढे जायचं. २०२५-२६ चं राज्याचं बजेट ७ लाख कोटींच्या घरातलं होतं, त्यात आमदाराला स्वतःहून एक रुपया वाढवता येत नाही, हे गंमत म्हणून नाही सांगत, घटनेतच आहे. २०३ कलमाप्रमाणे अनुदानाची मागणी राज्यपालांच्या शिफारशीनेच येते, म्हणजे सरकारकडूनच. आमदाराने करायची तर कपातच करायची, म्हणून तर कपात सूचना असते, मागणी एक रुपयावर आणा किंवा शंभर रुपयांनी कमी करा अशी, पैसे वाचावेत म्हणून नाही तर त्या निमित्ताने आरोग्य खात्यावर बोलायला मिळावं म्हणून. आणि सत्ताधारी असेल तर तेही नाही कारण व्हिप असतो, म्हणजे पक्ष सांगेल तसंच मत द्यायचा आदेश, बजेटवर सरकार हरलं तर गेलंच समजा. बऱ्याच खात्यांच्या मागण्या तर चर्चेशिवायच शेवटच्या दिवशी एकगठ्ठा मंजूर होतात, मग तिजोरीतून ते पैसे काढायची परवानगी देणारं विनियोजन विधेयक येतं आणि तुम्ही कँटीनमधून चहा पिऊन परत येईपर्यंत संपतं.

विधेयकाचं म्हणाल तर येणारी जवळजवळ सगळी विधेयकं सरकारी, मंत्री मांडतो. आमदाराला स्वतःचं मांडायचं तर अशासकीय विधेयक, त्याला शुक्रवार. पण त्यात सरकारी तिजोरीतून खर्च येणार असेल, आणि आरोग्याच्या कुठल्याही विधेयकात तो येतोच, तर २०७ कलमाखाली परत राज्यपालांची शिफारस लागते. मग काय होतं, सदस्य तळमळीने बोलतो, मंत्री म्हणतो शासन सकारात्मक आहे, सदस्य विधेयक मागे घेतो. संसदेत तरी वेगळं काय आहे, तिथे शेवटचं अशासकीय विधेयक पास झालं ते १९७० ला.

पण म्हणून आमदार बिनकामाचा असं मी म्हणणार नाही, तिथे मी लोकांशी भांडतो. काम असतं ते दुसरीकडे. तारांकित प्रश्न (ज्याला मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं), लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधायची सूचना), अर्धा तास चर्चा, आणि समित्या. लोकलेखा समितीत कॅगच्या, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या यंत्रणेच्या, अहवालावर सचिवाला समोर बसवून विचारता येतं की औषध खरेदीचे पैसे पडून का राहिले, तिथे कॅमेरा नसतो म्हणून कुणाला दिसत नाही. आश्वासन समिती नावाचीही एक समिती आहे, मंत्री सभागृहात 'तीन महिन्यात पदं भरू' म्हणाला की ते आश्वासन तिच्या यादीत जाऊ शकतं आणि खात्याला मागं लागून उत्तर मागता येतं. विधेयकातही खरा बदल करायचा तर जागा म्हणजे संयुक्त समिती, महिला आणि मुलांवरच्या अत्याचारांबद्दलचं शक्ती विधेयक २०२० च्या डिसेंबरात आलं, समितीकडे गेलं, वर्षभराने बदल होऊन पास झालं. पण तेवढा अभ्यास करून बैठकांना बसणारे आमदार बोटावर मोजण्याइतके. माझ्या पाहण्यात दोन्ही बाजूंचे होते, आणि गंमत म्हणजे त्यांचे कार्यअहवाल सगळ्यात पातळ.

माळावरचा:

@जुना_वार्ताहर जबरदस्त माहिती. म्हणजे कपात करता येते पण वाढ नाही, हे आयुष्यात पहिल्यांदा कळलं. पण मग पुरवणी मागण्या पुरवणी मागण्या म्हणतात, बजेटनंतर मधेच जादा पैसे मागतात त्या, त्यात आमदार कामं घालतात ना? आमच्याकडे सगळे रस्ते तिथूनच येतात असं ऐकलंय.

जुना_वार्ताहर:

घालतात, पण ते पडद्यामागे मंत्र्याला गाठून, सभागृहात नाही. प्रत्येक अधिवेशनात पुरवणी मागण्या येतात आणि त्याआधी मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावरची, मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयाबाहेरची गर्दी बघा. तीही ताकदच आहे, नाकारत नाही, फक्त तिचा अभ्यासाशी संबंध नाही, गटाशी आहे. आणि त्यात एक मेख असते, टोकन तरतूद. काम बजेटमध्ये 'लागतं', समोर आकडा किरकोळ, की लगेच फ्लेक्स छापायला मोकळे.

स्वाती_एमओ:

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात मेडिकल ऑफिसर आहे, जिल्हा सांगत नाही. वरचं सगळं वाचलं, आता ते खालून कसं दिसतं ते सांगते.

आमच्यापर्यंत विधेयक येतच नाही हो. आमच्यापर्यंत येतो जीआर, म्हणजे शासन निर्णय. मोफत उपचार घ्या, सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचेही पैसे घेत नाहीत, तो मंत्रिमंडळाचा निर्णय होता, विधेयक नव्हतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं कव्हर ५ लाख केलं तेही शासन निर्णयाने. आरोग्यातल्या बहुतेक मोठ्या गोष्टी अशाच होतात, त्यामुळे 'आरोग्य विधेयक मंजूर केलं' असं कुणी लिहिलं तर मी पहिलं विचारीन की विधेयकाचं नाव आणि क्रमांक सांगा.

पण तारांकित प्रश्नाची ताकद मी स्वतः बघितलीय. त्याला आमच्या खात्यात एलएक्यू (विधानसभेतला प्रश्न) म्हणतात, आणि एलएक्यू आला की काय होतं ते बघायला एकदा या आमच्याकडे. मंत्रालयातून आयुक्तालय, तिथून उपसंचालक, तिथून डीएचओ (जिल्हा आरोग्य अधिकारी), मग टीएचओ (तालुक्याचे), आणि संध्याकाळी साडेसहाला मला फोन, 'मॅडम आजच्या आज माहिती पाहिजे'. एकदा अशीच आमची बंद पडलेली अँब्युलन्स, गाडी निर्लेखित करायचा, म्हणजे भंगारात काढायचा, प्रस्ताव कुठल्या तरी टेबलावर झोपलेला, आणि एका आमदारांनी तालुक्यातल्या सगळ्या नादुरुस्त रुग्णवाहिकांबद्दल प्रश्न टाकला. उत्तर काय छापून आलं माहितीय, 'हे अंशतः खरे आहे'. पण उत्तर छापून यायच्या आधी प्रस्ताव हलला होता, कारण 'हे खरे आहे काय, असल्यास विलंबाची कारणे काय' याला कारण लिहायची पाळी कुणालाच नको असते. नवीन गाडी आली. त्या आमदारांनी ते कुठे छापलं नाही बहुतेक, का तेवढं आठवतही नसेल.

आता तुमच्या ग्रामीण रुग्णालयाचं. ते आमच्यासारखं झेडपीकडे नसतं, सिव्हिल सर्जनकडे असतं. उपजिल्हा करायचं त्याला श्रेणीवर्धन म्हणतात आणि त्यात इतके टप्पे आहेत की प्रत्येक टप्प्यावर एक फ्लेक्स लावता येतो. आधी मंजुरीचा जीआर, मग इमारतीचं अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, मग बांधकामाला पैसे, ते ४२१० या लेखाशीर्षाखाली, म्हणजे बजेटमधल्या खर्चाच्या खात्याखाली. इमारत उभी राहिली की लोकांना वाटतं झालं. पण पदं? पदनिर्मितीचा प्रस्ताव वेगळा जातो, त्याला उच्चस्तरीय सचिव समितीची मान्यता लागते, पगाराचे पैसे २२१० मधून, आणि पद मंजूर झालं तरी ते भरलं जाईल असं नाही, भूलतज्ज्ञ तालुक्याला यायला तयार नसतो. मग बंधपत्रित (शिक्षणानंतर ठरावीक काळ सरकारी सेवा करायला बांधलेला) नाहीतर एनएचएममधला, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य अभियानातला, कंत्राटी, तोही पीजीला नंबर लागला की गेला. म्हणून मी म्हणते की आमदाराला 'रुग्णालय कधी होणार' विचारू नका, त्याला उत्तर तयार असतं. पदनिर्मितीची फाईल कुठे आहे ते विचारा.

आमदार निधीतून (आता ५ कोटी असतो वर्षाला) अँब्युलन्स देतात त्याचंही असंच, गाडी येते, ड्रायव्हर आणि डिझेल त्या निधीतून देता येत नाही. @कट्टेकर तुमची झेंडा दाखवलेली गाडी सध्या कुठे उभी आहे ते बघून या एकदा.

कट्टेकर:

बघितली. पंचायत समितीच्या मागे. त्यावर कोंबडी बसलेली.

पीटी_कापलेला:

रोजगार विधेयकाकडे कुणी वळलंच नाही म्हणून मी लिहितो. वर असा सूर लागलाय की साध्या आमदाराकडून कायदा होत नाही, पण महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा रोजगाराचा कायदा मंत्री नसलेल्या माणसाच्या डोक्यातूनच आलाय की. वि. स. पागे, १९६० ते १९७८ विधान परिषदेचे सभापती. १९६५ ला त्यांनी सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यात प्रयोग केला, मागेल त्याला काम, मुख्यमंत्री वसंतराव नाईकांच्या मागं लागून. १९७२ ला ती राज्याची योजना झाली, त्याच सुमारास तो दुष्काळ, १९७३ च्या उन्हाळ्यात ५० लाखांच्या आसपास माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडत होती, आमच्या आजीच्या तोंडी 'बहात्तर' हा शब्द शिवीसारखा यायचा. मग १९७७ ला रोजगार हमीचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू. काम मागितल्यावर १५ दिवसात द्यायचं, नाहीतर बेकारी भत्ता. केंद्राने असा कायदा केला २००५ ला, म्हणजे बघा किती वर्षांनी.

आणि मला त्यातला आवडणारा भाग बजेटचा आहे, कारण पागेंना माहीत होतं की हमी दिली आणि पैसे दरवर्षी वित्त खात्याकडे मागत बसलो तर पहिल्याच तंगीला योजना मरेल. म्हणून १९७५ ला व्यवसाय कराचा कायदा आला, विक्रीकर, मोटारगाड्या, बागायती जमीन यांच्यावरही थोडं थोडं लावलं, आणि रोहयो (रोजगार हमी योजना) कायद्यात लिहून ठेवलं की हे पैसे वेगळ्या निधीत जमा होणार आणि राज्याने त्यात तेवढीच भर घालायची. आज आपल्या सॅलरी स्लिपवर पीटी म्हणून, म्हणजे हाच व्यवसाय कर, महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापतात ना, ते हेच. वर्षाला २५०० च्या वर जाता येत नाही, ती मर्यादा १९८८ पासून तशीच आहे. ऑफिसमधे पोरं विचारतात फेब्रुवारीत १०० जास्त का, कुणालाच माहीत नसतं की आपण रोहयोचे वर्गणीदार आहोत.

शिवारातला:

@पीटी_कापलेला सगळं बरोबर पण जरा जास्तच गोड झालं. रोहयोवर आमच्या आईने काम केलंय. हजेरीपत्रकावर मेलेल्या माणसाचं नाव असायचं आणि आईचं नसायचं. त्या निधीतले पैसे कामांवर न येता तिकडेच साचत गेले याचीही बोंब अनेक वर्षं होती. हां, पाझर तलाव झाले, १९९० ला फळबागा रोहयोत घेतल्या त्यानं कोकणात आंबा काजू वाढला, आमच्याकडे विहिरी झाल्या, हे मान्य. पण कायदा चांगला म्हणून मस्टर (हजेरीपत्रक) चांगलं असं होत नाही. विधिमंडळाची खास रोजगार हमी योजना समिती आहे, आमदारच असतात त्यात, ती जिल्ह्याच्या दौऱ्यावर येते त्या आठवड्यात सगळी कामं सुरू, मजुरांना पाणी, सावली, पाळणा, सगळं. समिती गेली की पाळणा परत स्टोअररूमला. अशा समित्या दर महिन्याला याव्यात असं आई म्हणायची.

पीटी_कापलेला:

मस्टरबद्दल वाद नाहीच. पण कायद्यात हक्क लिहिला होता म्हणून तुमच्या आईला तहसीलसमोर बसून भांडता तरी आलं, नुसती योजना असती तर साहेब म्हणाले असते निधी नाही, घरी जा. माझं म्हणणं एवढंच.

ॲडव्होकेट_मीरा:

वरच्याला जोडून. आरोग्यात असा हक्काचा कायदा राजस्थानने मार्च २०२३ ला केला, आपल्याकडे तसा नाही. खाजगी डॉक्टरांनी तिथे मोठा संप केला, ते सगळ्यांना आठवत असेल. आपल्याकडे लोकांना माहीत नसलेली पण विधिमंडळाच्या कायद्यातूनच आलेली एक गोष्ट म्हणजे सार्वजनिक विश्वस्त कायद्याचं ४१अअ कलम, त्याखाली धर्मादाय हॉस्पिटलांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या, हायकोर्टाने २००६ ला त्याची योजना घालून दिलीय. तसंच शुश्रूषागृह नोंदणीचा कायदा १९४९ चा, त्याचे नियम २०२१ ला बदलले, त्यात दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं सक्तीचं आहे. किती ठिकाणी दिसते? कायदा आहे, तो राबवतोय का हे विचारणारा आमदार पाहिजे, नवीन विधेयकापेक्षा ते जास्त कामाचं.

आणि रोजगाराच्या विधेयकाच्या नावाखाली 'स्थानिकांना ७५ टक्के' असलं काही असेल तर हरियाणाचं बघा, २०२० चा कायदा, नोव्हेंबर २०२३ ला हायकोर्टाने रद्द केला. घोषणा राहिली, नोकऱ्या नाहीत.

माळावरचा:

बाप रे, एवढी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं. अहवाल परत उघडून बसलो. तिन्हीपैकी एकाही विधेयकाचं नाव दिलेलं नाही, क्रमांक तर लांबच. श्रेणीवर्धनाबद्दल मात्र एक ओळ सापडली, 'सततचा पाठपुरावा सुरू'. आता साहेबांचा जनता दरबार असतो दर सोमवारी, तिथे पदनिर्मितीच्या फाईलचंच विचारतो. पण जायच्या आधी मंजुरीचा जीआर खरंच निघालाय का हे कसं शोधू? आणि त्यांनी किती प्रश्न विचारले ते?

स्वाती_एमओ:

शासन निर्णयांच्या सरकारी साइटवर विभाग 'सार्वजनिक आरोग्य' निवडा, तारीख गेल्या दहा वर्षांची द्या आणि विषयात 'श्रेणीवर्धन' टाका, नाही आलं तर 'श्रेणीवाढ', 'उपजिल्हा रुग्णालय', आणि तुमच्या तालुक्याचं नाव वेगवेगळ्या ऱ्हस्वदीर्घाने, टायपिंग करणाऱ्याने काय केलं असेल सांगता येत नाही. जीआर मिळाला तर शेवटच्या पानावर खर्च कुठल्या लेखाशीर्षाखाली ते लिहिलेलं असतं. फक्त ४२१० दिसलं आणि पदांचा जीआर वेगळा सापडला नाही तर समजा अजून इमारतीच्याच गोष्टी चाललेत.

जुना_वार्ताहर:

प्रश्नांच्या याद्या आणि कार्यवाही विधिमंडळाच्या वेबसाइटवर असते, शोधायची सोय यथातथाच आहे, पीडीएफ उघडून नजर टाकावी लागते. एक लक्षात ठेवा, एका प्रश्नाखाली दहा-दहा आमदारांची नावं असतात, सह्या गोळा केलेल्या. पहिलं नाव कुणाचं आहे ते बघा.