स्वमग्न मुलाचे संगोपन आणि आईवडिलांचा थकवा

वारणाकाठ:
माझा मुलगा सात वर्षांचा आहे. तो स्वमग्न (ऑटिस्टिक) असल्याचे निदान चौथ्या वर्षी झाले. कुकरची शिट्टी वाजली की तो दोन्ही कान गच्च दाबून मोरीत जाऊन बसतो, म्हणून गेली दोन वर्षे मी वरण पातेल्यातच शिजवते. रात्री दोन-अडीचला तो उठतो आणि उजाडेपर्यंत दाराची कडी वर-खाली करत राहतो. एकदा तो कडी काढून जिन्यापर्यंत पोहोचला होता, तेव्हापासून मी त्याच्याजवळ जागी बसते. पती कारखान्यात पाळीने कामाला जातात आणि मी नोकरी सोडली आहे. गेल्या आठवड्यात मी त्याच्यावर हात उगारला आणि नंतर बराच वेळ रडत बसले. आई म्हणून मीच कमी पडते आहे का?

दिगंत:
ताई, माझी मुलगी आता सतरा वर्षांची आहे. सलग झोप न मिळालेल्या माणसाचा तोल जातो, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. आम्ही दोघांनी रात्री वाटून घेतल्या. ज्याची पाळी नसेल त्याने दुसऱ्या खोलीत झोपायचे आणि आवाज आला तरी उठायचे नाही, असे ठरवले. हा शेवटचा नियम पाळणे माझ्या पत्नीला फार जड गेले. मुलाच्या झोपेविषयी बालरोगतज्ज्ञांशीही अवश्य बोला. त्यावर उपाय असतात.

कागदपत्रे मात्र लांबवू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे, त्यामुळे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, मिळते. निरामय या सरकारी आरोग्यविमा योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे विमासंरक्षण आहे. मूल अठरा वर्षांचे झाल्यावर, आवश्यकता असल्यास, १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कायदेशीर पालकत्वासाठी, म्हणजे त्याच्या वतीने निर्णय घेण्याच्या अधिकारासाठी, अर्ज करता येतो. आम्ही सध्या त्याच तयारीत आहोत.

सुमनआजी:
माझा नातू असाच आहे. सुनेने मोबाईल दाखवल्यामुळे हे झाले, असे मी वर्षभर चारचौघांत बोलत राहिले, आणि त्याची खंत मला आजही आहे. आता रोज संध्याकाळी पाच ते सात तो माझ्याजवळ असतो. आम्ही डाळीचे डबे एकावर एक रचतो आणि पुन्हा उतरवतो. सून त्या वेळात झोपते किंवा मैत्रिणीकडे जाते; काय करते, हे मी विचारत नाही. तुमच्या घरी असे कोणी असेल, तर संकोच न करता मागा.

ऋजुता_ओटी:
मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे रोजची कामे जमावीत म्हणून मुलांकडून सराव करून घेते. 'मी कमी पडते का' हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक आई विचारते, आणि त्याला जुना इतिहास आहे. आईच्या कोरडेपणामुळे मूल स्वमग्न होते, असे मत विसाव्या शतकाच्या मध्यावर मोठमोठे तज्ज्ञ मांडत होते. स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील असलेल्या बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये ते पुराव्यानिशी खोडून काढले, तरी तो डाग आयांच्या मनावरून अजून पुसला गेलेला नाही. घरी करायला दिलेले व्यायाम एखाद्या दिवशी राहिले, तर राहू द्यावेत. आईने दिवसभर थेरपिस्ट होऊ नये, असे मला मनापासून वाटते. पुन्हा हात उठेल असे वाटल्यास मुलाला सुरक्षित जागी बसवून क्षणभर बाजूला व्हा, आणि उदासी हटत नसेल तर स्वतःसाठी डॉक्टरांकडे जा.

वारणाकाठ:
सर्वांचे आभार. आज पतींशी बोलले. पुढच्या आठवड्यात त्यांची दुसरी पाळी आहे, त्यामुळे मंगळवार आणि शुक्रवारची रात्र ते जागणार आहेत. दाराला वरच्या बाजूस, त्याचा हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी, दुसरी कडी उद्या बसवून घेत आहोत.