वेगळा गट कशाला?

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय, लॅटिनो मुख्याध्यापकांना एकमेकांशी अडचणी बोलायला वेगळं नेटवर्क, म्हणजे स्वतःचा गट कशाला, डिस्ट्रिक्टचं (तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक यंत्रणेचं) प्रशिक्षण असतंच की, असं कुणीतरी विचारलंय. असतं, पण ते देणारे बहुधा त्याच साखळीतले, जी वर्षअखेरीला तुमचं मूल्यमापन करते. त्यांच्यासमोर ‘शिक्षक मला जुमानत नाहीत’ असं कोण बोलेल?

2020-21 मध्ये तिथल्या सरकारी शाळांचे सुमारे 77 टक्के मुख्याध्यापक गोरे होते. विद्यार्थ्यांत मात्र गोरी मुलं निम्म्याहून कमी. याला इतिहास आहे. गोऱ्या-काळ्या मुलांच्या सरकारी शाळा वेगळ्या ठेवणं घटनाबाह्य ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1954 च्या ब्राउन निकालानंतर दक्षिणेत शाळा एकत्र होत गेल्या, तेव्हा काळ्या मुलांच्या कितीतरी शाळा बंद झाल्या आणि तिथल्या मुख्याध्यापकांना घरी बसवलं किंवा खालच्या पदावर ढकललं. (निकाल चांगलाच होता, अंमलबजावणी कुणाच्या हातात होती ते बघा.) 1970 मध्ये कृष्णवर्णीय सुपरिंटेंडंटांनी (डिस्ट्रिक्टच्या प्रमुखांनी) स्वतःची संघटना काढली, तीच आजची ‘नॅशनल अलायन्स ऑफ ब्लॅक स्कूल एज्युकेटर्स’.

अशा गटात एकजण अडचण मांडतो. समजा, एकाच खोडीसाठी गोऱ्या मुलाला नुसती समज, काळ्याला निलंबन, आणि शिक्षक जुना, वजनदार. बाकीचे आधी फक्त प्रश्न विचारतात. मग मांडणारा गप्प बसतो आणि इतर त्याच्यादेखत चर्चा करतात. लगेच सल्ला द्यायचा नाही, हे मास्तरकीत मुरलेल्यांना भलतंच जड जातं! खरी अडचण वेळेची. डिस्ट्रिक्टने हे तास कामाचे धरले नाहीत, तर गट शुभेच्छांच्या मेसेजपुरताच उरतो.