शाखेचा बोर्ड कोणाच्या ओट्यावर?

ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, पॅनल असतं. झेडपीला मात्र चिन्ह लागतं. मधल्या काळात गावातली पक्षशाखा राहते कुठे? खान्देशात ज्यांनी पद सांभाळलंय किंवा नुसत्या सतरंज्या उचलल्यात, त्यांनी लिहा. उमेदवारांची नावं नकोत.

अमळनेर तालुका : बूथप्रमुख आहे. तालुक्याहून फोन येतो, "समितीची यादी आजच पाठव." कागदावर दहा-बारा नावं जातात, त्यातली निम्मी सुरतला कामाला. खरं काम मतदारयादीच्या भागाचं. एकेक पान घेऊन बसायचं : कोण वारलं, कोणती पोरगी सासरी गेली, कोणाचं नाव दोनदा आलंय. आमचे आप्पा न वाचता सांगतात, कोणत्या घरात किती मतं आणि कोण कोणाशी बोलत नाही. पक्षाच्या ॲपमध्ये हे भरायला रकानाच नाही. नेते आले की पहिला प्रश्न ठरलेला : "भाऊ, तुना वाडामा कितला मतं शेतस?"

फैजपूर : १९३६ साली काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन इथे भरलं. तेव्हा चार आणे देऊन सभासद व्हायचे. आता मिस कॉल.

धडगाव : पाडे डोंगरभर विखुरलेले, घरोघरी फिरायला दिवस पुरत नाही. म्हणून आमची बैठक आठवडे बाजारी. सगळे येतातच. भाषण पावरी बोलीत झालं तर लोक थांबतात, नाहीतर मीठ-मिरची घेऊन निघतात.

चाळीसगाव : महिला आघाडीची तालुकाध्यक्ष मी, पण बैठकीचा फोन मालकांना! मतदानाच्या दिवशी मात्र पोलिंग एजंट म्हणून मलाच बसवतात, बायकांना ओळखायला. भल्या पहाटे जाऊन ५० मतांचा मॉक पोल, म्हणजे यंत्राची चाचणी बघायची, संध्याकाळी १७ सी, म्हणजे झालेल्या मतांच्या हिशेबाचा फॉर्म हातात पडेपर्यंत उठायचं नाही. जेवणाचा डबा दरवेळी दुपारी तीनला येतो. तोही घरून.

साक्री : शाखाप्रमुख होतो. बोर्ड रंगवल्याचे पैसे पेंटरला मीच दिले.

एरंडोल : मूळ प्रश्नाचं सांगतो. आमच्या विकास सोसायटीत दोन विरोधी पक्षांचे तालुका पदाधिकारी एकाच पॅनलमधून निवडून आले, झेडपीला परत समोरासमोर. बोर्ड दोघांच्याही ओट्यावर आहेत. माणसं तीच, चहा कुठला आधी उकळतो तिकडे बसतात.