काळा घोडा म्हणजे संस्कृती आणि भायखळा म्हणजे नुसती गर्दी?

गिरणीचा_भोंगा

काल एकाने लिहिलं की मुंबईला सांस्कृतिक ओळख दिली ती फोर्टातल्या काळा घोडा परिसराने, लालबाग-परळ-भायखळ्याकडे गर्दी आहे पण संस्कृती नाही, तिकडे म्युझियमवर पैसे घालून बघणार कोण. तिथेच दोन ओळी लिहिणार होतो पण रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून वेगळा धागा काढतोय.

मी भायखळ्याचा. राणीबाग घरापासून चालत दहा मिनिटं. मुंबईतलं सगळ्यात जुनं म्युझियम फोर्टात नाही, आमच्याकडे राणीबागेच्या आवारात आहे, भाऊ दाजी लाड. १८७२ ला उघडलं, तेव्हा व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्हणायचे. फोर्टातलं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम (आताचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) लोकांना बघायला मिळालं १९२२ ला, म्हणजे बरोब्बर पन्नास वर्षांनी. आमच्या म्युझियमबाहेर घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा नाव दिलं तो. इंग्रज तो १८६४ ला विलायतेला न्यायला निघाले, क्रेनची साखळी तुटली, हत्तीचे तुकडे झाले आणि म्हणून तो आपल्याकडे राहिला. आणि ज्याच्यावरून तुमच्या परिसराला नाव पडलं तो खरा काळा घोडा, सातवा एडवर्ड वर बसलेला, तोही १९६५ पासून भायखळ्यालाच आहे. फोर्टात नकोसं झालं की पाठवा राणीबागेत. घोडा आमच्याकडे, नाव तिकडे, फेब्रुवारीतला फेस्टिवल तिकडे, रुंद फुटपाथ तिकडे.

म्युझियमचा परिसर काही पावसाने उगवत नाही. १९९८ ला काळा घोडा असोसिएशन झाली, १९९९ ला फेस्टिवल सुरू झाला, लोकांनी ठरवून, पैसा उभा करून, रस्ता बंद करून तो परिसर घडवला. मग भायखळ्याला तसं करायचं कोणाच्या मनात का येत नाही? "बघणार कोण" म्हणणाऱ्याने एकदा रविवारी दुपारी राणीबागेच्या गेटवर उभं राहून दाखवावं.

तटबंदी

पोस्ट लिहिणारा मीच. गर्दीबद्दलचा शब्द चुकला असेल पण मुद्दा चुकलेला नाही. मी आर्किटेक्ट आहे, भावनेवर नाही बोलत. १८६० च्या दशकात फोर्टाचा तट पाडला, ती मोकळी जागा मिळाली आणि तिच्या कडेने सार्वजनिक इमारती उभ्या राहत गेल्या. रॅम्पार्ट रो हे नावच त्या तटाचं आहे. आज जहांगीर आर्ट गॅलरीच्या दारात उभे राहा, पाच मिनिटांत म्युझियम, मॉडर्न आर्टची गॅलरी, डेव्हिड ससून लायब्ररी, एल्फिन्स्टन कॉलेज, निळं सिनेगॉग, सगळं चालत. एकातून निघालेला माणूस सहज दुसऱ्यात शिरतो, याला परिसर म्हणतात. भायखळ्याला एक म्युझियम आहे, सुंदर आहे, मान्य, पण ते प्राणिसंग्रहालयाच्या कुंपणात आहे आणि लोक तिकडे येतात ते पेंग्विन बघायला. त्याला उगाच कलेची गर्दी म्हणू नका.

गिरणीचा_भोंगा

पेंग्विन बघायला येतात म्हणून ती माणसं हलकी झाली का हो?

माझी आई चौथी शिकलेली. वडील गिरणीत होते, ८२ च्या संपानंतर घरात बसले ते परत कामाला लागलेच नाहीत. त्या वर्षांत आई आम्हा तिघांना रविवारी राणीबागेत न्यायची कारण दुसरीकडे कुठे न्यायला पैसेच नव्हते. हत्ती, हरणं बघून झाली की ऊन टाळायला म्युझियममध्ये. तिथे मातीच्या छोट्या बाहुल्या आहेत काचेत, जुन्या मुंबईतल्या जातीजमाती, पगड्या, धंदे करणारी माणसं. आई एकेका काचेसमोर इतका वेळ उभी राहायची की आम्ही वैतागायचो. एकदा म्हणाली, आपल्यासारखी माणसं पण ठेवलीत की रे इथे. ती आयुष्यात कधी जहांगीरला गेली नाही. कोणी अडवलं नसतं, पण तिला तो जिना आपला वाटला नसता. आणि तुम्ही म्हणता कुंपणातलं म्युझियम. अहो ते कुंपण होतं म्हणून ती आत आली, कारण बागेत जायला कोणाला लाज वाटत नाही.

रेघोट्या

भोंगा भाऊ, तो जिना आपला न वाटणं हे फक्त न शिकलेल्या माणसाचंच नाही. मी डिप्लोमा केलेला चित्रकार. जहांगीरसमोरच्या फुटपाथवर चित्रं लावून चार वर्षं बसलोय, पावसाळ्यात प्लास्टिक धरून. आतल्या भिंतीसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागतं हे या धंद्यातला प्रत्येकजण सांगेल. फुटपाथवर गिऱ्हाईक मिळालं, पोर्ट्रेटवर घर चाललं. एकदा त्याच भागातल्या एका खासगी गॅलरीत पोर्टफोलिओ घेऊन गेलो तर रिसेप्शनवरच्या बाईंनी फाइल न उघडताच विचारलं, कुठे राहता. डोंबिवली म्हटल्यावर चेहराच बदलला. तेव्हा तटबंदी साहेब, सहज एकातून दुसऱ्यात शिरता येतं हे इमारतींच्या बाबतीत खरं असेल, माणसांच्या नाही. तिथे आम्हाला एकच जागा होती जिथे कोणी काही विचारायचं नाही, जहांगीरमधला समोवार कॅफे.

जुनी_वही

समोवार! नाव काढलंत आणि गलबलून आलं. १९६४ ते मार्च २०१५. जहांगीरच्या बाजूचा तो लांबट बोळ, शेजारी म्युझियमची हिरवळ, एका चहावर दोन तास. नवशिके चित्रकार आणि नावाजलेले चित्रकार शेजारच्या टेबलावर. ते बंद झालं, वर्षभरात ऱ्हिदम हाउस हे गाण्यांच्या रेकॉर्डचं दुकान बंद झालं, वेसाइड इन हे रेस्टॉरंट तर त्याच्या कितीतरी आधी गेलं. बाबासाहेबांनी घटनेच्या मसुद्याचं काही काम वेसाइड इनमध्ये बसून केलं असं सांगतात. अरुण कोलटकर त्याच्याच खिडकीशी बसून समोरचा नाका बघायचे आणि त्यातून ज्या कविता झाल्या त्यात झाडूवाली आहे, इडली खायला जमलेली फुटपाथवरची माणसं आहेत, भटका कुत्रा आहे. काळ्या घोड्याचा जीव त्यात होता. आता आहेत ती रेस्टॉरंट, जिथे बिल बघून पोटातलं परत बाहेर येईल.

ठाणे_फास्ट

समोवारबद्दल पुरुषमंडळी नेहमी गप्पा आणि थोर चित्रकार एवढंच सांगतात. मी सांगते मला ते का लागायचं. १९ वर्षांची होते, कॉलेज सुटलं की क्लासपर्यंत तीन तास मोकळे, आणि फोर्टात एकट्या मुलीने कुठे बसायचं हा प्रश्न असायचा. बाकावर बसलं की पाच मिनिटांत कोणीतरी शेजारी येऊन बसतं. समोवारमध्ये एकटी बसलेली बाई ही बघायची गोष्ट नव्हती, आणि आत बाथरूम होतं. हो, बाथरूम. हा शब्द तुमच्या परिसराच्या चर्चेत एकदाही आला नाही. सहा म्युझियमं शेजारी शेजारी असून काय करू, तिकीट न काढता जाता येईल असं स्वच्छ बाथरूम सापडत नसेल तर बाई दोन तासांच्या वर तिथे राहतच नाही.

तटबंदी

समोवार गेल्याचं मलाही वाईट वाटलं पण मूळ विषय कुठे आणि आपण कुठे? म्युझियमचं काम वस्तू जपणं आणि दाखवणं, लोकांना बसवून चहा पाजणं नाही. आणि स्वस्त चहाच्या आठवणींवर शहराचं नियोजन होत नाही.

ठाणे_फास्ट

मूळ विषय हाच आहे. शहर बायकांनी फक्त चालत ओलांडायचं की त्यात थांबायचं पण. तुम्ही आर्किटेक्ट ना? तुमच्या नकाशात बाथरूमला चौकोन काढता की नाही?

जुनी_वही

चहा पाजणं नाही म्हणे! ५० वर्षं ज्या टेबलांवर या शहराची चित्रकला घडली त्याला तुम्ही चहा पाजणं म्हणता. मला तुमच्याशी पुढे बोलायचं नाही.

डॅन्यूबकाठचा

व्हिएन्नामध्ये १२ वर्षं आहे, मूळचा गिरगावचा. इथलं म्युझियम क्वार्टर २००१ ला उघडलं, राजाच्या घोड्यांच्या पागेत. समोर रस्त्यापलीकडे दोन जुनी बादशाही थाटाची म्युझियमं आहेत, संगमरवरी जिने वगैरे, पण शहरातली पोरं संध्याकाळी जमतात ती पागेच्या चौकात. कारण तिथे मोठे रंगीत ठोकळे ठेवलेत, त्यावर कोणीही लोळावं, काही विकत घ्यायची सक्ती नाही, आपला डबा आपण आणावा. माझी मुलगी म्युझियममध्ये पहिल्यांदा गेली ती पाऊस आला म्हणून त्या ठोकळ्यावरून पळत आत. भोंगा यांच्या आईसारखंच की. तेव्हा तटबंदी, चहा आणि बाक हे नियोजनच असतं, इथे त्यावर पैसा खर्च करतात.

तटबंदी

व्हिएन्नाचा पैसा आणि व्हिएन्नाची लोकसंख्या घेऊन या, मग बोलू. मुंबईत रिकामा चौक ठेवला तर आठवड्यात पार्किंग होतं. काळ्या घोड्याच्या मधोमध काय होतं इतकी वर्षं? पार्किंगच.

गिरणीचा_भोंगा

रिकामा चौक? मुंबईत रिकामी जागा सहाशे एकर होती हो. गिरण्यांची. १९९१ च्या नियमात लिहिलेलं, गिरणीची जमीन विकसित केली तर एक तृतीयांश मोकळी जागा म्हणून महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी, उरलेली मालकाला. २००१ ला नियम बदलला, इमारती नसलेल्या जागेचीच वाटणी होणार असं ठरलं, आणि गिरणीत इमारत नसलेली जागा असते किती? शहराच्या वाट्याला चिंधी आली. तिथे मॉल झाले, काचेचे टॉवर झाले. व्हिएन्नाच्या पागेला म्युझियमं मिळाली, आमच्या गिरणीतल्या खात्यांना बोलिंग अ‍ॅली मिळाली. जिथे वडील उभं राहून माग चालवायचे तिथे मी आता गेलो तर सिक्युरिटीवाला बॅग तपासतो. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेत कापडगिरण्यांचं म्युझियम होणार हे ऐकत ऐकत वडील गेले. मुंबई ज्यावर उभी राहिली त्या धंद्याची ही गत आणि तुम्ही विचारता भायखळ्यात संस्कृती कुठेय. दाखवायला जागा तर ठेवा.

रेघोट्या

भोंगा भाऊ, एक मात्र सांगतो, गिरणगावात म्युझियम झालं तरी तिथला गिरणगावकर कुठे उरलाय? तो गेला विरार, बदलापूरला. तुमचंच म्युझियम तुमचंच घर महाग करेल. काळ्या घोड्याला तेच झालं, आधी आम्ही फुटपाथवर आलो, मग कॅफे आले, मग आम्ही वाटेत यायला लागलो.

गिरणीचा_भोंगा

ते खरं आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण घर गेलं म्हणून आठवणही जाऊ द्यायची का? वडिलांच्या सोबतचे लोक आजही गणपतीत बदलापूरहून लालबागला येतात ते कशासाठी?

तटबंदी

ठीक. काही गोष्टी मान्य करतो, सगळ्या नाही. गिरणी जमिनीबद्दल वाद नाही, तो या शहराचा सगळ्यात मोठा घात होता, त्या काळात मी विद्यार्थी होतो आणि मोर्चात गेलोय. "बघणार कोण" हे लिहायला नको होतं, भोंगा यांच्या आईंचं वाचून वाईट वाटलं. पण काळा घोडावाले दरवाजे लावून बसलेत हे चित्रही खरं नाही. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची बस २०१५ पासून शाळाशाळांतून, गावागावांतून फिरते. १९९५ ची हेरिटेज नियमावली नसती तर त्या निम्म्या इमारती आज टॉवर असत्या आणि आपण भांडायलाही काही उरलं नसतं. आणि एक दुरुस्ती, वर कोणी म्हटलं नाही पण नेहमी गल्लत होते: घोड्यावरचा प्रिन्स आणि म्युझियमच्या नावातला प्रिन्स वेगळे. घोड्यावर बाप, सातवा एडवर्ड, म्युझियमची कोनशिला १९०५ ला बसवली ती मुलाने, पुढे पाचवा जॉर्ज झाला त्याने.

आता भायखळ्याबद्दल. परिसर करायचा तर स्टेशन ते राणीबाग हा रस्ता आधी चालण्यासारखा हवा. मेट्रो ३ हुतात्मा चौकाला थांबते, म्हणजे काळ्या घोड्याला आणखी एक दार मिळालं, भायखळा त्या मार्गावर नाहीच. हा अन्याय आहे, लिहून देतो.

ठाणे_फास्ट

बाथरूमबद्दल अजून उत्तर नाही आलं.

तटबंदी

तेही. चौकोन काढतो, पण ऑफिसात नकाशा पास करताना सगळ्यात आधी तोच कापला जातो, आणि दोन वेळा मी भांडलो नाही. चूक माझी.

गिरणीचा_भोंगा

मग आता भांडा. मी महापालिकेच्या ई वॉर्डात अर्ज देणार आहे. भायखळा स्टेशन पूर्वेपासून राणीबागेच्या गेटपर्यंत फुटपाथ सलग करा, दर शंभर पावलांवर सावलीत बाक, बायकांसाठी फुकट आणि स्वच्छ बाथरूम. अर्जासोबत नकाशा लागेल, तो मला येत नाही.

ठाणे_फास्ट

बाकाला पाठ हवी. आणि दिवा. माझी सही घ्या.

जुनी_वही

चहाची टपरी पण लिहा. तटबंदींशी बोलणार नव्हतो, पण अर्जावर सही करतो.

तटबंदी

नकाशा मी काढून देतो, शनिवारी येऊन रस्ता मोजतो. पण घोडा १९६५ ला हलवला तो चुकीचा होता आणि तो परत फोर्टात यायला हवा, हे माझं मत कायम आहे.

गिरणीचा_भोंगा

शनिवारी सकाळी ८ ला पूर्वेच्या तिकीट खिडकीशी. टेप मी आणतो. घोडा मिळणार नाही.