मदत हवी आहे: मरांटाच्या पानांच्या कडा करपताहेत

नमस्कार मंडळी. माझ्याकडे दीड वर्षापासून मरांटा (पानांच्या शोभेसाठी घरात ठेवतात ते झाड) आहे, लाल शिरांचा. मूळचा ब्राझीलच्या जंगलातला, मोठ्या झाडांच्या सावलीत जमिनीलगत पसरणारा. रात्री पानं हात जोडल्यासारखी उभी राहतात, सकाळी पुन्हा आडवी होतात. देठाच्या टोकाशी एक फुगीर सांधा असतो, त्यातल्या पेशींत पाणी कमी-जास्त झालं की पान हलतं. आमची लेक रोज झोपताना त्याला बघून येते.

गेल्या महिन्यापासून पानांची टोकं तपकिरी होऊन कागदासारखी चुरचुरीत झालीत. नवं पान गुंडाळी उलगडतानाच कडेला फाटतं. रात्रीची हालचालही अर्धवटच होते, याचं जास्त वाईट वाटतंय.

कुंडी पूर्वेच्या खिडकीत, पातळ पडद्याआड आहे. थेट ऊन नाही. माती म्हणजे कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), पर्लाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खडे) आणि थोडं गांडूळखत. बोट घालून वरचा थर सुकलेला लागला तरच पाणी देते. पानांखाली लाल कोळी कीड किंवा तिची जाळी दिसली नाही.

माझा संशय पाण्यावर आहे. उन्हाळा लागल्यापासून सोसायटीत बोअरचंच पाणी येतंय, कुंडीच्या काठावर पांढरा थर जमलाय. फिल्टरचं पाणी सुरू करावं का? की पुण्याची कोरडी हवाच नडतेय? आणि कुंडी आत्ता, मे महिन्यातच बदलू की पाऊस सुरू होईपर्यंत थांबू? मुळं दुखावतील अशी भीती वाटते. ज्यांनी मरांटा किंवा त्याच्याच कुळातला कॅलेथिया उन्हाळ्यात जगवलाय, त्यांनी कृपया सांगा.