मदत हवी आहे: एम.कॉम., कन्सॉलिडेशनचं (दोन कंपन्यांचे हिशेब एकत्र करण्याचं) गणित अडलंय

नमस्कार मंडळी. दिवसा चिंचवडला नोकरी, रात्री सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत एम.कॉम. होल्डिंग कंपनीच्या (म्हणजे दुसरी कंपनी ताब्यात असणाऱ्या कंपनीच्या) धड्यात आठवडाभर अडकलोय.

गणित असं: होल्डिंगने सबसिडिअरीचे (ताब्यातल्या कंपनीचे) 80% शेअर्स 12 लाखांना घेतले, सबसिडिअरीची निव्वळ मालमत्ता 13 लाख. एएस 21 (जुना हिशेब मानक) ने गुडविल, म्हणजे मालमत्तेतल्या हिश्शापेक्षा जास्त मोजलेली रक्कम, 1.6 लाख येतं (12 वजा 13 चे 80%, म्हणजे 10.4). इंड एएस 103 (नवा मानक) ने मायनॉरिटीचा, म्हणजे उरलेल्या 20% भागधारकांचा हिस्सा फेअर व्हॅल्यूने (बाजारभावाने), म्हणजे 2.9 लाख धरला, तर तेच 1.9 लाख होतं (12 अधिक 2.9 वजा 13)! दोन्ही बरोबर, हे कळलं. पण प्रश्नात काहीच सांगितलं नसेल तर कुठली पद्धत धरायची? मी तरी गृहीतक लिहून पुढे जातो.

खरी गोची स्टॉक रिझर्व्हची (न विकलेल्या मालातला नफा वजा करण्याची). सबसिडिअरीने होल्डिंगला मूळ खर्चावर 25% नफा लावून माल विकला, त्यातला 50,000 चा होल्डिंगकडे शिल्लक. न मिळालेला नफा 10,000, इथवर ठीक. (आधी मी 12,500 काढत होतो, हसू नका.) आता हे 10,000 सगळे होल्डिंगच्या नफ्यातून वजा करायचे, की होल्डिंगला 8,000 आणि मायनॉरिटीला 2,000 असे वाटायचे? क्लासच्या नोट्समध्ये एक, मित्राच्या वहीत दुसरंच.

पुणे विद्यापीठाचा पेपर दिलेल्या कुणी सांगाल का? रविवारी तासभर समोर बसून समजावणारं कुणी असेल तर चहा-क्रीमरोल माझ्याकडून.